दुसऱ्याच्या वावराची झडती

आमच्याकडे झडती हा शब्द पोलिसांचा नाही. वावरातलं सोयाबीन निघालं, मळणी झाली, की एकरी किती पोती भरली ती झडती. सुगीच्या दिवसांत देऊळघाटच्या रस्त्यावर दोन माणसं भेटली की रामराम होण्याआधी हाच प्रश्न. माझ्या बाबांचं तर पोटच या शब्दावर चालतं. त्यांचं मळणीयंत्र आहे. ट्रॅक्टरला जोडून ते वावरोवावरी नेतात, आणि भाडं पोत्यामागे घेतात. ज्याची झडती चांगली, त्याच्याकडून बाबांना जास्त. ज्याची पडली, त्याच्याकडून कमी. त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाच्या वावरात काय निघालं हे बाबांना तलाठ्याच्या आधी कळतं.

कळतं, पण ते सांगत नाहीत. दुसऱ्याच्या वावराची झडती आपल्या तोंडून काढायची नाही, हा त्यांचा नियम. आज मशीन या वावरात, उद्या शेजारच्या. शेजारी खोदून खोदून विचारणार हे ठरलेलं. बाबांचं उत्तरही ठरलेलं, "बरी हाये." पीक बुडालं तरी बरी हाये, घरात ठेवायला जागा पुरली नाही तरी बरी हाये. लहानपणी मला वाटायचं, या माणसाला दुसरं वाक्य येतच नाही.

याच माणसाला मी बारावीनंतर सांगितलं की मला डिझाइनची पदवी घ्यायची आहे.

"डिझाइन म्हनजे ब्लाउजचं का?" आईनं विचारलं. मेहकरचे मामा, आईचे धाकटे भाऊ, तेव्हा आमच्याकडेच आले होते. ते म्हणाले, "नाई वं ताई, मेंदीचं असंन." मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही, आणि मामांना मला चिडवायला तर अजिबातच नाही. मी सांगितलं, वस्तू कशी असावी, माणसाच्या हाताला, डोळ्याला कशी सोपी पडावी, ते ठरवायचं शिक्षण आहे. मामा म्हणाले, "वस्तू तं दुकानात हायेतच. तू आनखी काय ठरोशीन?" बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती लागते?"

मी चार वर्षांची फी सांगितली, हॉस्टेल सांगितलं, सामानाचा खर्च जरा कमी करून सांगितला. बाबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी बाबांकडे. मामा कशासाठी आले होते ते मला तेव्हा कळलं.

त्या वर्षांत आमच्या भागात हार्वेस्टर यायला लागली होती. सकाळी वावरात शिरलं की दुपारी वावर मोकळं. सोंगणीला, म्हणजे कापणीला, मजूर नको, कापलेल्याची गंजी लावायला नको, आणि मळणीयंत्र तर नकोच नको. बाबांचं एकेक गिऱ्हाईक सुटत होतं. मामांनी एक जुनं पण धडधाकट हार्वेस्टर हेरून ठेवलं होतं आणि ते बाबांबरोबर भागीत घ्यायचं म्हणत होते. बाबांच्या भागाला जेवढे पैसे लागत होते, तेवढेच, थोडेफार इकडेतिकडे, माझ्या चार वर्षांना लागत होते. बाबांजवळ पैसे होते, पण एकाच गोष्टीपुरते.

म्हणजे घरात दोन यंत्रं विकत घ्यायची होती, आणि त्यातलं एक मी होते.

मग घरात रोज तेच. बाबा म्हणत, हार्वेस्टर पहिल्याच सुगीपासून पैसे देतं, पोट्टी चार वर्षं नुसती घेत राहणार. आई म्हणे, हार्वेस्टर बिघडलं तर भंगार, पोरीचं शिक्षण भंगारात जात नाही. बाबा म्हणत, जातं, कितीतरी इंजिनिअर घरी बसलेत. मी मध्येच सांगायचे की मी पास झाल्यावर किती कमावणार आणि ते पैसे कसे परत करणार. अजून माझा नंबरही लागला नव्हता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आमचं चाललं होतं. ताटं वाढून ठेवलेली असायची आणि आम्ही भांडायचो.

मग पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात माझा नंबर लागला. फी भरून जागा पक्की करायची तर ठरलेल्या दिवशी दुपारपर्यंत. मामांचा फोन आला, हार्वेस्टरवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय, त्यालाही त्याच दिवशी हो-नाही पाहिजे. बाबांनी पासबुक आणि चेकबुक कापडी पिशवीत घातलं, पिशवी शर्टाच्या आत घातली, आणि बुलढाण्याहून आम्ही दोघं बसनं निघालो. ते वाटेत एवढंच म्हणाले, "पाहून घेऊ." त्या 'पाहून घेऊ'चा अर्थ लावता लावता माझा जीव अर्धा झाला.

कॉलेजच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. साधारण आईच्या वयाच्या, कॉटनची साडी, बोलणं स्वच्छ पुणेरी. त्यांनी बाबांना पाणी दिलं, माझी फाइल उघडली आणि विचारलं, "तुमच्या काही शंका असतील तर विचारा."

बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते. म्हणाले, "झडती काय हाये इथली?"

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. "छे छे, झडती वगैरे आम्ही घेत नाही. हॉस्टेलच्या गेटवर फक्त नोंद असते. मुलींची पूर्ण काळजी घेतली जाते."

"नोंद हाये ना? मंग तेच सांगा. किती येते?"

"कोण किती येतं?"

"झडती, मॅडम."

शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते. माझे कान तापले. मी घाईघाईनं, माझ्या त्यातल्या त्यात पुणेरी मराठीत म्हणाले, "बाबा विचारताहेत की इथं शिकून मुलांना काय मिळतं, म्हणजे पगार."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मी मराठीतच बोलून राह्यलो ना वं?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच समजत नव्हतं की त्यांच्याच मुलीला त्यांचं बोलणं मराठीतून मराठीत का करून सांगावं लागतंय. मला क्लार्कचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या फीच्या आकड्याचा आला, ज्याच्यामुळे आम्ही तिघं तिथं असे बसलो होतो.

मॅडमना मात्र आता उलगडा झाला. त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढं सरकवलं. त्यावर एका मुलाचा हसरा फोटो होता आणि खाली त्याचा पगार, मोठ्या अक्षरांत. बाबांनी ते हातभर लांब धरून वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"हे धुऱ्यावरचं झाड हाये," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आता मराठीचं मराठी करून सांगणार नव्हते. बाबांनी स्वतःच सांगितलं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून जी झाडं असतात त्यांना मोकळी हवा मिळते, ऊन मिळतं, ती शेंगांनी लदबदून जातात. पाहुणा आला की शेतकरी तेच झाड उपटून दाखवतो. "पन मशीन लावल्यावर निघते ते अख्ख्या वावराचं. मले वावराचं सांगा. ज्याले कमी भेटलं त्याचंबी सांगा."

मॅडम हसल्या, पण क्लार्कसारखं नाही. त्यांनी माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं. "वावराचं सांगायचं तर पहिल्या वर्षी फार नाही. तुमच्याकडचा चांगला गवंडी त्याहून जास्त कमवत असेल. काहींना लगेच काम मिळतं, काही महिनोन् महिने घरी बसतात. चार-पाच वर्षं टिकलं की मग बरं चालतं. सगळ्यांचं चालतंच असं मी लिहून देणार नाही."

मला वाटलं, संपलं. या बाईला कुणी खरं बोलायला सांगितलं होतं? आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या माणसानं थाप मारावी असं मनापासून वाटत होतं.

बाबा हळूहळू मान हलवत होते. मॅडमनी माझी फाइल त्यांच्याकडे फिरवली. "हिला का घेतलं, तेही सांगते." पान उघडलं तर त्यावर आमच्या मळणीयंत्राचा फोटो.

तो फोटो मीच लावला होता. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या गावात एका बाईचा हात कुणाच्यातरी मशीनमध्ये गेला होता. ती बातमी ऐकून मी सुटीच्या दिवशी आमच्या मशीनच्या तोंडाशी, जिथून सोयाबीन आत ढकलतात तिथं, जाड पिवळा पट्टा मारला होता. हात इथवर, याच्या पुढं नाही. सगळ्यांना वाचता येत नाही म्हणून पट्ट्याच्या अलीकडे एक पंजा काढला होता, लाल. बाबा तेव्हा ओरडले होते की रंगाचा डबा कुणाला विचारून घेतला. पण त्यांनी तो पट्टा कधी पुसला नाही. एका सुगीनंतर तो उडाला तर त्यांनी डबा आणून माझ्यासमोर ठेवला होता.

"हे काऊन ठेवलं यात?" बाबांनी मला विचारलं.

"हेच डिझाइन आहे," मॅडम म्हणाल्या. "याचाच अभ्यास असतो इथं."

बाबांनी फाइल जवळ ओढली, फोटोतल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पट्टा मारल्यापासून मजूर हात मांगंच ठेवते, हे खरं हाये." आणि लगेच, "पन त्याचे काही पैसे भेटत नाई, मॅडम." ते बरोबरच बोलत होते. शाबूत राहिलेल्या हाताचं पोतं भरत नाही.

तेवढ्यात मामांचा फोन आला. फोन जुना, आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाणारा. "भाऊजी, तो मानूस उठून चाल्ला. काय सांगू त्याले?" बाबा उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागं गेले. बाहेर आवारात आमच्यासारखीच माणसं पिशव्या सांभाळत उभी होती. बाबा फोनवर "थांब, थांब," म्हणत होते आणि आत ऑफिसच्या दारावर लावलेल्या घड्याळाकडे बघत होते.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "समजा झडती कमी आली, तं?"

इतके दिवस मी आकडे सांगत आले होते, वचनं देत आले होते. तिथं मात्र सगळं उसळून वर आलं, आणि पुणेरी बिनेरी सगळं गळून पडलं. "मी वावर हावो का तुमचं? पेरलं, काढलं, पोते मोजले? चार वर्सं झाले की माह्यासमोर ताडपत्री घेऊन बसान का?"

आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. बापाशी कुणी असं बोलतं का, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाबांनी शर्टाच्या आतली पिशवी चाचपली, आणि मला वाटलं, आता ते ती तशीच आत ठेवतील आणि आम्ही शिवाजीनगर स्टँडचा रस्ता धरू. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. रडले असते तर ते नक्की विरघळले असते, आणि मला तसली फी नको होती.

त्यांनी मामांना फोन लावला. "त्याले जाऊ दे," म्हणाले. एवढंच. मग आत गेले आणि मॅडमसमोर चेकबुक काढलं. सही करताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी अगदी साधं बोलले, चहा घेते का, खिडकी लाव, गार लागंन. मी काय बोलले होते त्याचा विषय निघाला नाही. तो पुढं कितीतरी वर्षं निघाला नाही.

मामांनी ते हार्वेस्टर दुसऱ्या भागीदाराबरोबर घेतलं. पुढच्याच सुगीत ते आमच्या गावात आलं. बाबांच्या वाट्याला उरली ती लहान वावरं, चिखलाची वावरं, आणि जिथं सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी उभ्या असतात ती. तूर मोडेल म्हणून तिथं हार्वेस्टर शिरत नाही. आई फोनवर सांगायची, "तुरीनं वाचवलं बाई औंदा." मी पुण्यात माती, पुठ्ठा, लाकूड कापत बसायचे आणि प्रत्येक महागड्या पुठ्ठ्यावर मला आमचं उभं मशीन दिसायचं. वर्गातल्या मुली चुकलेलं मॉडेल सहज टाकून देत. मला ते जमायचं नाही. त्यांचे तुकडे उचलून मी माझं मॉडेल करायचे.

पदवी झाली. मॅडम म्हणाल्या होत्या त्यातला नेमका वाईट भाग माझ्या वाट्याला आला. महिनोन् महिने काम नाही. मिठाईच्या खोक्यांवर फुलं काढून दे, कुणाच्या दुकानाची पाटी करून दे, असं करत मी खोलीचं भाडं भागवायचे. पी हळद नि हो गोरी असं काही होणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असून पोट भरत नाही. घरून फोन यायचा. आई विचारायची, जेवली का. बाबा विचारायचे, पाऊस आहे का तिकडं. पगाराचं कुणीच विचारत नव्हतं, आणि त्या न विचारण्याचीच मला धास्ती वाटायची.

शेवटी दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. आजारी माणसानं उठताना कुठं धरावं, नर्सचं बोट कठड्यात सापडू नये, असलं ते काम. काम मला आवडलं. पगार सांगण्याजोगा नव्हता. मामांच्या हार्वेस्टरच्या ड्रायव्हरला सुगीत माझ्याहून जास्त मिळायचं, आणि हे मला स्वतः मामांनीच हसत हसत सांगितलं होतं.

त्यानंतरच्या सुगीला मी गावी गेले. आईनं दारातच बजावलं, "कोनी पगार इचारला तं सांगजो नको. हसून टाळजो." म्हणजे गावात विचारणं सुरू झालं होतं. दुपारी ती मला म्हणाली, बाबांचा चहा वावरात नेऊन दे.

वावर ओळखीच्या एका काकांचं होतं, तुरीच्या ओळींचं. मशीन जोरात चालू होतं, भुसा उडत होता, बायका सोयाबीन पुढं सरकवत होत्या. तोंडाशी पट्टा होता. पिवळा रंग ताजा होता, पंजाही नव्यानं काढलेला. मी तर पुण्याला गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. पंजाला बोटं जाड आली होती आणि अंगठा भलत्याच बाजूला होता. तो बाबांनी काढला होता.

चहासाठी मशीन थांबलं. एकदम शांत झालं. ते काका पोत्यावर टेकले, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "काय हो भाऊ, पोरीची झडती काय मंग? चार सालं पेरलं तुमी पुन्यात."

बायकांनी कपातून माना वर केल्या. माझ्या हातातली किटली मला जड झाली. आईनं हसून टाळायला सांगितलं होतं, पण मला हसू येईना. मी बाबांकडे पाहिलंच नाही. हार्वेस्टर गेलं, गिऱ्हाइकं गेली, आणि हा प्रश्न त्यांना सगळ्यांसमोर ऐकावा लागत होता. ते आता काहीतरी फुगवून सांगतील असं मला वाटलं, आणि ते ऐकण्यापेक्षा धरणी दुभंगली तर बरी असंही.

बाबांनी बशीतला चहा संपवला. "बरी हाये," म्हणाले.

"बरी म्हनजे किती?"

"मी कोनाच्या वावराची झडती कधी तुमाले सांगतली काय? तुमची सांगतो का कोनाले?"

"तुमचंच तं वावर हाये ते."

"नाई नाई," बाबा म्हणाले. "ते वावर तिचं हाये."

काका हसले, बायकाही हसल्या, कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. बाबांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि मशीन पुन्हा धडधडायला लागलं. मी किटली घेऊन धुऱ्यावर उभी राहिले. कॉलेजच्या आवारातलं माझं ते ओरडणं इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि मला परत दिलं ते असं. मी रडले. भुसा डोळ्यात गेला असं सांगायची सोय तिथं होतीच.

संध्याकाळी आम्ही दोघं ट्रॅक्टरवरून घरी निघालो. मी मडगार्डवर बसले होते. गावाच्या अलीकडे मी त्यांच्या कानाशी वाकून माझा पगार सांगितला, आहे तो, जसाच्या तसा. त्यांनी विचारला नव्हता. पण आपल्या वावराची झडती मालकानं स्वतःहून सांगायला तर मनाई नव्हती.

त्यांनी गिअर बदलला. रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "धुऱ्यावरचं सांगतलं का वावराचं?"

"वावराचं," मी म्हणाले.

"बरी हाये मंग," बाबा म्हणाले.